पोरींनी मांडलेला घागरींचा हिशोब

अंबाजोगाई तालुका, जि. बीड
23 फेब्रुवारी 2026

प्रिय चिमे,

तुझा फोन आला तेव्हा मी शाळेच्या पटांगणात होते. पोरींचा गलका चालला होता, त्यामुळं नीट बोलता आलं नाही. वसतिगृहातल्या पोरींचा रविवारचा गट सुरू करतेय, त्यांना जगातले प्रश्न कळावेत, त्यावर त्यांनी काही करावं असं वाटतं, पण सुरुवात कुठून करू, असं तू विचारत होतीस. मी "नंतर सांगते" म्हणाले आणि ते राहूनच गेलं. आता जेवणं उरकलीत, जोंधळ्याची काढणी चालू असल्यानं घरातले दिवे लागल्याबरोबर झोपलेत. बसले लिहायला. पत्र लांबणार आहे, चहा करून घे.

काल आमच्या गाईड पथकाचा चिंतन दिन होता. 22 फेब्रुवारीला जगभरातल्या गाईड मुलींनी एकमेकींची आठवण काढायची, असं 1926 साली ठरलं, म्हणजे यंदा शंभर वर्षं झाली. रविवार असूनही पोरी आल्या. सगळ्या नव्हत्या. सहाजणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेल्यात, त्या आता पाडव्याच्या आगेमागेच दिसतील.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तू ती करणार नाहीस. पथक हाती घेतलं त्या वर्षी मला वाटायचं, जगाचे प्रश्न म्हणजे लांबचे प्रश्न. मी मोबाइलवर आफ्रिकेतल्या भुकेल्या लेकरांचे फोटो दाखवले. पोरी "अगं माय" म्हणत हळहळल्या, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात सातवीतली एक पोर, तिचे आईबाप दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, राहतात, ती म्हणाली, "बाई, आमच्या कोपीपुढं बी एक जण असाच फोटो काढून गेला हुता. माझे केस पिंजारल्याले, हातात तांब्या. त्यो फोटो आता कुठं असंल? कुणाला दाखवत असतील का आसंच?"

चिमे, मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. आपला मराठवाडा कितीतरी लोकांच्या अशा फोटोंमध्ये आहे. भेगाळलेली जमीन, रिकामे हंडे, कोपीपुढचं लेकरू. त्या फोटोतली पोर माझ्यासमोर बसली होती आणि मी तिला दुसऱ्या कुणाची कीव करायला शिकवत होते. तेव्हापासून एक पक्कं धरून चाललेय. आपल्या पोरींनी जगाकडं बरोबरीनं बघावं. आपल्यावर काय गुदरतं ते त्यांना मांडता यावं, आणि तेच दुसरीकडं कुणावर गुदरतंय ते विचारता यावं. तुझ्या गटात पहिल्या दिवसापासून एवढं जप. बाकीचं हळूहळू येतं.

भिंतीवरच्या तक्त्यांचंही तसंच. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली 2030 पर्यंतची 17 ध्येयं ठरवली. ती आम्ही रंगीत कागदावर चिकटवली, पोरींनी धडाधडा पाठ म्हटली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सहावं ध्येय सगळ्यांना स्वच्छ पाणी. ते घोकणारी पोर तासाभरानं मला हातपंपावर भेटली, रांगेत सातवी. तिला या दोन गोष्टी एकच आहेत हे मी सांगितलंच नव्हतं. तक्ते लावू नकोस असं नाही, पण शेवटी लाव.

मग सुरुवात कशानं करायची? आम्ही तेलानं केली. शाळेतला जगाचा जुना नकाशा जमिनीवर अंथरला आणि लोकरीचा एक गुंडा घेतला. पोरींनी घरातली एक वस्तू सांगायची आणि ती महाग का झाली, स्वस्त का झाली, हे विचारत जायचं, आणि ज्या गावाचं, देशाचं नाव येईल तिथवर लोकर ओढायची. एकीनं सांगितलं, युद्ध लागलं तेव्हा माय फोडणीत तेल मोजून टाकायची. हे 2022 चं. रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि सूर्यफुलाचं तेल अडलं, कारण आपल्याकडं ते मुख्यतः त्याच दोन देशांतून यायचं. दोन महिन्यांनी इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवणं काही आठवडे बंद केलं. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, हे ऐकून पोरी चक्रावल्या. शिवारभर सोयाबीन असताना तेल बाहेरून?

खरी गंमत त्यानंतर झाली. आठवीतल्या एकीनं विचारलं, "मग तेल महाग झाल्यावर आमच्या सोयाबीनला भाव का नाही यायला पाहिजे?" आम्ही सरळ तिच्या वडिलांनाच बोलावलं. लातूरच्या मोंढ्यात माल घालणारा माणूस. पोरींसमोर आधी अवघडले, मग मोकळे झाले. त्यांनी सांगितलं, ब्राझील-अर्जेंटिनात पीक उदंड आलं की आपला भाव पडतो, सरकारनं बाहेरच्या तेलावरचा कर कमी केला तरी पडतो. गेल्या मे महिन्याच्या शेवटी कच्च्या खाद्यतेलावरचा मूळ आयात कर 20 टक्क्यांवरून 10 वर आणला, तो त्यांना तारखेसकट पाठ होता. शेवटी ती पोर म्हणाली, "म्हंजे तेल महागलं की माय रडती, अन् स्वस्त झालं की बापू." वर्गात सगळ्या गप्प झाल्या. या प्रश्नाला सोपं उत्तर नाही हे त्यांना कळलं, आणि मीही उगाच उत्तर चिकटवलं नाही. तूही चिकटवू नकोस. दोन्ही बाजू घरातल्याच असल्या की पोरी घाईनं कुणाला दोषी ठरवत नाहीत, शांतपणे विचार करतात.

दुसरा धागा आज्यांकडून मिळाला. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या म्हाताऱ्या गावात अजून आहेत. पोरी वही घेऊन त्यांच्याकडं गेल्या. खडी फोडायचं काम, खायला वाटलेली सुकडी, आणि ती परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, जी भाकरीला नीट वळायची नाही. एका आजीनं बांधावरच्या काँग्रेस गवताकडं बोट दाखवलं आणि हेही अमेरिकेच्या गव्हातूनच आलं म्हणाली. ते गवत मूळ अमेरिका खंडातलं आणि 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं, एवढं मी नंतर पोरींना सांगितलं. गव्हातून आलं असं बहुतेक लोक मानतात. ज्या गवतानं अंगाला खाज सुटते ते समुद्र ओलांडून आलंय, याचं पोरींना केवढं नवल! दुसऱ्या दिवशी एक जण बांधावरचं झुडूप उपटून नकाशावर ठेवायला घेऊन आली.

आणि पाणी. एप्रिल 2016 आठवतं ना तुला? मांजरा धरण कोरडं पडलं होतं, मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, दहा डबे, पाच लाख लिटर. आपण दोघी बघायला गेलो होतो आणि गर्दीत तुझी चप्पल तुटली होती. आत्ताच्या पोरी तेव्हा अगदी लहान होत्या. त्यांना ती गोष्ट सांगितली आणि तिथून प्रशांत महासागरावर गेलो. पेरू नावाचा देश आहे म्हटल्यावर पाच मिनिटं हसण्यातच गेली. तिथल्या कोळ्यांना नाताळच्या सुमारास समुद्राचं पाणी कोमट लागायचं, त्याला त्यांनी एल निनो म्हटलं, म्हणजे बाळ येशू. हे पाणी फार तापलं की आपला पाऊस बऱ्याचदा रुसतो. 2015 ला तसं झालं. 2023 लाही झालं, तो ऑगस्ट तर 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पण दरवेळी असं होत नाही. 1997 साली एल निनो जोरात असूनही देशात पाऊस बरा झाला होता. हे दुसरं वाक्य विसरू नकोस. नाहीतर पोरी प्रत्येक दुष्काळाचं खापर समुद्रावर फोडतात आणि बेसुमार बोअर, वाढता ऊस हे सगळं सुटून जातं.

हे ऐकून झाल्यावर एकीनं विचारलं, "पण बाई, आपण काय करायचं?" चिमे, हा प्रश्न आला की गट खरा सुरू झाला असं समज. आणि तेव्हा त्यांच्या हातात घोषणांचे फलक देऊ नकोस, वही दे.

आमच्या पोरींनी आठ दिवस घागरींचा हिशोब लिहिला. किती खेपा, एका खेपेला किती वेळ, कोण गेलं. एका पोरीच्या पाच खेपा भरल्या, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे रोजचे अडीच तास. शाळेतला निम्मा दिवस झाला की हा! मग मी त्यांना सांगितलं की जगभरातल्या बाया-मुली पाणी आणण्यात रोज मिळून 20 कोटी तास घालवतात, असा अंदाज युनिसेफनं 2016 मध्ये मांडला होता. त्या आकड्यात आपलेही अडीच तास आहेत हे कळल्यावर पोरी ताठ बसल्या. लगेच प्रश्न आला, "पोरांचे किती?" वहीत भावांसाठी रकाना आखला. तो बहुतेक कोराच राहिला. त्यानं घरोघरी जरा भांडणं झाली. दोन भाऊ मात्र हंडा घेऊन निघाले, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

त्याच सुमाराला वंगारी माथाईंची गोष्ट सांगितली. केनियात बायांना सरपण आणि पाण्यासाठी लांब जावं लागत होतं. त्यांच्या तक्रारीतून 1977 साली झाडं लावायचं काम उभं राहिलं आणि 2004 ला माथाईंना शांततेचं नोबेल मिळालं. पोरींना नोबेलचं विशेष वाटलं नाही. सरपणाच्या तक्रारीपासून सुरुवात झाली, हे त्यांनी धरलं.

हिशोब मांडताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. नळाला पाणी सकाळी साडेदहाला सुटत होतं, नेमकं शाळा भरल्यावर. म्हणून पोरी दांडी मारायच्या, आणि आम्ही शिक्षक त्यांनाच बोलायचो. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, तुला माहीत आहे. एरवी आमच्याकडं ती सह्यांपुरतीच उरकायची. यावेळी पोरी वही घेऊन गेल्या. कुणीतरी म्हणालं, लेकरांचं इथं काय काम. तेव्हा आमच्या पथकातली सगळ्यात लाजरी पोर उठली आणि म्हणाली, "आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला इचारायला पाहिजे, हे जगानं 1989 ला कबूल केलंय अन् आपल्या देशानं 1992 ला." बालहक्कांच्या करारातलं बारावं कलम मी कधीतरी फळ्यावर लिहिलं होतं. तिनं ते इतके दिवस जपून ठेवलं होतं आणि लागेल तिथं बरोबर काढलं. माझा गळा दाटून आला होता, खरं सांगते.

पाणी आता संध्याकाळी सहाला सुटतं. नळ सगळ्या घरांत अजून नाहीत, वरची आळी अजून हातपंपावरच आहे. पण वेळ बदलली आणि ती पोरींनी बदलली.

लग्नांबद्दल तू विचारशीलच. आपल्या जिल्ह्यात विशीतल्या बायांमध्ये शंभरातल्या चाळिसाहून जास्तींची लग्नं अठराच्या आत झालीत, असं 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत आलं. परभणीत तर त्याहून जास्त. जगात दरवर्षी सुमारे 1 कोटी 20 लाख मुलींचं असं होतं, हे सांगितल्यावर पोरींना धक्का बसला. हे आपल्याच नशिबी आहे असं त्या धरून चालल्या होत्या. पण इथं फार जपून. कुठल्याही पोरीला "तुझ्या बहिणीचं सांग" म्हणून उभं करू नकोस. मी एकदा केलं, गोष्ट घरी गेली आणि ती पोर महिनाभर गटात आली नाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर सगळ्यांना पाठ करून दे, पण फोन करायची वेळ आली तर तू कर, ग्रामसेवकाकडं तू जा. मोठ्यांचं ओझं पोरींच्या डोक्यावर द्यायचं नाही.

गेल्या सप्टेंबरात पूर आला तेव्हा मी हवामानबदलाचा एक शब्दही काढला नाही. कुणाची जमीन खरडून गेली, कुणाची शेळी वाहून गेली. पोरी रात्री आभाळ वाजलं की उठून बसत होत्या. त्या महिन्यात आम्ही फक्त याद्या केल्या, कुणाची पुस्तकं भिजली, कुणाचा गणवेश गेला. बाकीचं दिवाळीनंतर बोललो, तेही त्यांनीच विचारल्यावर.

आता माझं काम. काल पोरींनी ठरवलं की घागरींचा हिशोब दुसऱ्या गावच्या मुलींना पाठवायचा आणि त्यांचा मागवायचा. पुण्यात जगभरातल्या गाईड मुलींचं संगम हे केंद्र आहे, 1966 पासूनचं. तिथं कधीतरी जायचंच असं त्यांनी मनात घेतलंय, आणि मोकळ्या हातांनी जायचं नाही, वही घेऊन जायचं. पण पहिलं पत्र तुझ्या पोरींना लिहिलंय. याच पाकिटात आहे, चार पानं. मी शुद्धलेखन मुद्दाम तपासलेलं नाही. कोपीच्या फोटोचा प्रश्न विचारणारी ती पोर आता दहावीला गेलीय, इंग्रजीच्या पेपरची धास्ती घेऊन बसलीय, तरी शेवटचं पान तिनं लिहिलंय. तुमच्याकडं पाणी किती वाजता सुटतं, हा तिचा पहिला प्रश्न आहे.

उत्तर पोस्टानं पाठव, मोबाइलवर नको. पाकीट त्यांना स्वतः फोडायचंय.

तुझीच मैत्रीण