ठेचा दोन जिंकला, दोन हरला

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दादाने तुम्हाला माझ्या रोबोच्या लढतींचा तो व्हिडिओ दाखवला हे मला आईच्या फोनवरून कळलं. "हे कसले उद्योग चालवलेयस?" असं तिने तीनदा विचारलं आणि फोन बाबांकडे दिला. बाबा म्हणाले, "बरी आहेस ना? थांब, आईला देतो." गेली अकरा वर्षं आपलं बोलणं असंच होतंय, म्हणून या वेळी कागदावर लिहितेय. कागद आईकडे देऊन मोकळं होता येत नाही.

आधी आईसाठी. व्हिडिओत ठिणग्या उडवत एकमेकांवर आदळत होतं ते माझ्या अंगावर येऊ शकत नाही. लढाई पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे भक्कम पारदर्शक प्लॅस्टिकच्या जाड पेटीत होते, वरूनही बंद. शस्त्राला बाहेर असेपर्यंत खीळ घातलेली असते, ती रोबो पेटीत ठेवल्यावरच काढायची आणि लगेच दार लावायचं. त्याआधी तपासणी असते. रिमोट बंद केला की रोबो जागच्या जागी थांबला पाहिजे, नाहीतर खेळू देत नाहीत. बॅटरी लिथियम पॉलिमरची असते, ती फाटली किंवा भोसकली गेली तर पेटू शकते हे खरं. म्हणून मी ती आगरोधक पिशवीत ठेवून चार्ज करते आणि चार्जिंगला लावून कधीच झोपत नाही. रात्री गॅसचा कॉक दोनदा बघायची तुझी सवय मला लागलीय, आणि इथे ती उपयोगी पडते.

आणि हा राक्षस केवढा, तर पोळ्यांच्या डब्यात बसेल एवढा. वजन ४५४ ग्रॅम, म्हणजे इथला एक पौंड. या गटाला अँटवेट म्हणतात, मुंगी गट म्हण. दादा पोरांना यूट्यूबवर दाखवतो ते बॅटलबॉट्स या टीव्ही कार्यक्रमातले रोबो २५० पौंडांचे, म्हणजे ११३ किलोचे. इथे कनेक्टिकटमध्ये नॉरवॉकला मोठी लीग भरते, तिथे ३, १२ आणि ३० पौंडांचे गट असतात. तिथे मी फक्त बघायला जाते. माझी स्पर्धा शेजारच्या गावातल्या हॉलमध्ये होती. बावीस रोबो, त्यातले निम्मे शाळकरी पोरांचे.

तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. हा खेळ निघाला झाडू मारण्यातून. मार्क थॉर्प नावाच्या माणसाला रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर करायचा होता. तो काही जमला नाही, पण रिमोटवर चालणारं, दुसऱ्याची मोडतोड करणारं यंत्र जमेल असं त्याच्या डोक्यात आलं, आणि १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिली रोबो वॉर्स भरली. घर झाडायचं राहिलंच.

माझ्या रोबोचं नाव ठेचा. लहान आहे आणि झोंबतो, म्हणून. माइकवरचा माणूस दिवसभर त्याला "थेका" म्हणत होता. दोनदा दुरुस्त करून बघितलं, मग सोडून दिलं.

आता एक कबुली. मागच्या खेपेला तू भाजी चिरायला म्हणून जी पांढरी प्लॅस्टिकची फळी घेऊन दिलीस, ती आता ठेचाची चेसिस, म्हणजे सांगाडा आहे. हसू नको, इथे बरेच जण हेच करतात. ते प्लॅस्टिक हलकं असतं, आणि मार बसला की तडकत नाही, वाकतं नि परत येतं. सकाळी काट्यावर ठेचा ४५७ भरला, तीन ग्रॅम जास्त. स्टिकर काढलं, काटा ढिम्म हलला नाही. मग कुणाचं तरी ड्रिल मागून फळीला सात भोकं पाडली. टेबलभर पांढऱ्या कुरडया पडल्या. ४५४ वर काटा थांबला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्यांनीही टाळ्या वाजवल्या.

बाबा, आता तुमच्यासाठी.

ठेचाचं शस्त्र म्हणजे पुढे उभं फिरणारं ७० मिमी व्यासाचं पोलादी चक्र. आधी त्याला समोरासमोर दोन दात होते आणि ते मिनिटाला १८,००० फेरे घ्यायचं. आवाज असा की वाटावं आता भिंत फोडेल. प्रत्यक्षात सरावात ते समोरच्याला नुसतं खरवडायचं. महिनाभर मी मोटर बदलत बसले. मग एका रात्री भांडी घासताना उद्यमनगरातलं तुमचं लेथचं शेड आठवलं. मी डबा घेऊन दाराशी उभी, आणि तुम्ही त्या नव्या पोराला ओरडताय, "अरे, फीड दे! टूल घासतंय नुसतं, कापत नाहीये!"

तेच होतं. टूल कामात पुढे सरकलं नाही तर कापत नाही, तसंच या दाताचं. रोबो पुढे जातो सेकंदाला दीड मीटर. चक्र सेकंदाला ३०० फेरे, दात दोन, म्हणजे एक दात गेल्यावर दुसरा येईपर्यंत समोरचा माणूस, म्हणजे रोबो, अडीच मिलिमीटरच आत आलेला असतो. एवढ्यात दाताला पकडायला काय मिळणार? एक दात काढून टाकला, त्या बाजूला वजनाचा तोल साधला आणि वेग ९,००० वर आणला. आता दाताला दहा मिलिमीटर मिळतात. वेग अर्धा केल्यावर चक्रातली ऊर्जा चौथाईवर येते, ती काही अंशी भरून काढायला चक्र जाड केलं, म्हणून तर ते तीन ग्रॅम वाढले. तरी दाताच्या टोकाचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास आहे.

हे मी शिकले ते दाराशी उभी राहून. आत यायची परवानगी नव्हती. "वेणी अडकेल, ओढणी अडकेल." बरोबरच होतं तुमचं, लेथ कुणाची वेणी बघून थांबत नाही. पण दादाला तुम्ही शर्टाच्या बाह्या दुमडून आत घेतलंत. माझी वेणीही बांधता आली असती. हे भांडायला लिहीत नाहीये. तपासणीच्या रांगेत तिथल्या बाईंनी मला रबर देऊन "केस मागे बांध" म्हटलं, दीड सेकंदाचं काम, तेव्हा आठवलं म्हणून लिहिलं.

पहिली लढत. तीन मिनिटांची असते. समोर बिनशस्त्र रोबो, पुढे फक्त उतरती पट्टी. ठेचा त्याला खाऊन टाकेल असं मला वाटलं होतं. चाळिसाव्या सेकंदाला माझं डावं चाक आपणहून निघालं आणि घरंगळत कोपऱ्यात जाऊन बसलं. एका चाकावर ठेचा गरगर फिरत राहिला. पंचांनी दहापर्यंत मोजलं आणि हात वर केला.

तुम्ही विचाराल ते मला माहीत आहे. होय, चाक आसावर आवळणारा ग्रब स्क्रूच. नाही, स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचं ते लॉकटाइट लावलं नव्हतं.

खाली मान घालून टेबलाशी बसले होते, तर समोरच्या टेबलावरच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने काही न बोलता निळ्या लॉकटाइटची बाटली पुढे सरकवली. त्याच्याशी पुढे माझी गाठ पडू शकत होती, हे त्यालाही माहीत होतं. इथे हे असंच चालतं. ज्याला मोडायचं त्यालाच आधी पाना-पक्कड द्यायची. खासबागेत कुस्तीआधी सलामी होते तसंच काहीसं, फक्त इथे सलामीला सोल्डरिंगची गन असते. लॉकटाइट पूर्ण बसायला २४ तास लागतात, माझ्याकडे पाऊण तास होता. लावलं आणि हात जोडले.

दोनदा हरल्याशिवाय बाद होत नाहीत, म्हणून दुसरी लढत मिळाली. समोर आडवी पट्टी फिरवणारा होता, या गटातला सगळ्यात भीतिदायक प्रकार. पहिल्याच टोल्यात ठेचा पेटीच्या छताला लागला आणि उलटा पडला. चाकं अंगापेक्षा उंच ठेवलीयत, त्यामुळे तो उताणाही चालतो. फक्त तेव्हा चक्राची दिशा उलटवायची, नाहीतर समोरच्याला उडवायच्या ऐवजी तो स्वतःच उडतो. माझा अंगठा कधी नव्हे तो वेळेवर हलला. दात त्याच्या कडेला लागला, बॅटरीचा कनेक्टर निसटला आणि एवढा घोंगावणारा प्राणी पंखा बंद केल्यासारखा थांबला. मी ओरडले, आई, तुला लाज वाटेल एवढ्या मोठ्यांदा.

तिसरी पूर्ण तीन मिनिटं चालली. समोर ड्रमवाला, म्हणजे चक्राऐवजी दातांचा दंडगोल फिरवणारा. जोरात वळले की ठेचाचं एक चाक जमिनीवरून उचललं जायचं. सायकलचं फिरतं चाक आसाला धरून वळवायला गेलं की हाताला झटका बसतो ना, तोच प्रकार. त्यामुळे सावकाश वळत, त्याला तोंडावर घेत राहिले. पंच नुकसान, आक्रमकता आणि ताबा बघतात. तिघांपैकी दोघांनी मला दिलं. फळीवर दोन बोटं मावतील एवढी खाच पडली, पण तडा नाही. आई, फळी चांगली निवडली होतीस.

चौथी लढत लॉकटाइटवाल्याशीच. त्याचा रोबो माझ्यापेक्षा साधा, पण काय चालवत होता! दीड मिनिटात त्याने मला तीनदा भिंतीवर नेलं. तिसऱ्या वेळी चक्राचा आवाज बदलला, बेल्ट उडाला, आणि मोटरमधून धुराची बारीक रेघ निघाली. मी लगेच हार मानली, कारण बॅटरीपर्यंत जायला नको होतं. बॅटरीला काही झालं नाही, हे आईसाठी. मुलगा नंतर येऊन म्हणाला, त्याला माझं एकदाती चक्र आवडलं, पुढच्या खेपेला तोही करणार. म्हणजे तुमचं फीड आता अमेरिकेत पसरतंय.

घरी येऊन उघडलं तर चक्राचा शाफ्ट वाकलेला. शाफ्ट म्हणजे काय, दुकानातला ४ मिमीचा बोल्ट, आणि एक बेअरिंग त्याच्या आट्यांवर बसवलेलं. जिथून आटे सुरू होतात बरोबर तिथेच वाकलाय. वाचताना तुम्ही चष्मा काढून डोळे मिटलेत हे मला इथून दिसतंय.

तर विचारायचं हे. आट्यांचा नाही, लेथवर नीट टर्न केलेला शाफ्ट हवाय, लांबी ४० मिमी. चारचा ठेवला तर वजन ४ ग्रॅमच्या आत राहतं. पाचचा केला तर ६ च्या वर जातं, पण ताकद जवळपास दुप्पट. ते दोन ग्रॅम मी कुठून काढू? की चारचाच ठेवून ईएन २४ पोलाद घेऊ आणि हार्ड करून घेऊ? फोनवर सांगू नका, मध्येच आईला द्याल. कागदावर स्केच काढा, दादा फोटो पाठवेल.

दादा म्हणतो लेथवर ताडपत्री आहे, पण तुम्ही अजून महिन्यातून एकदा तेल घालता. ऑपरेशननंतर मायक्रोमीटरच्या रेघा दिसायला लागल्या का?

आई, नवी फळी आणू नकोस, मी इथे दोन घेतल्यात. एक खरंच भाजीसाठी.

मी २० डिसेंबरला पोचतेय. ईएन २४ चा तुकडा मिळाला तर आणून ठेवा, टर्न मी करीन, तुम्ही बाजूला उभे राहा. केस आता खांद्यापर्यंतच आहेत, आणि ओढणी मी घालत नाही.

तुमची,
धाकटी