एकतीस मेच्या आधी

अंबाजोगाई,
१२ एप्रिल २०२५, हनुमान जयंती

प्रिय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "आप्पा, रिटायर झाल्यापासून दिवसभर करायलास तरी काय?" ते मी हसण्यावारी नेलं. शेजारी ही बसली होती, तिच्यासमोर खरं सांगायची सोय नव्हती. आज मारुतीच्या देवळातून सुंठवडा घेऊन आलोय आणि ही लेकीशी फोनवर बोलत बसलीय. म्हणजे तासाभराची निश्चिंती. म्हणून लिहितो.

तुझी निवृत्तीची तारीख ३१ मे. माझीही तीच होती, दोन वर्षांपूर्वी. बहात्तरच्या दुष्काळात आई-बाप खडी फोडायला गेले म्हणून मी शाळेत उशिरा आलो आणि तुझ्या शेजारी बसलो. गुरुजींनी आपल्या दोघांनाही १ जूनलाच जन्माला घातलं, मला अंदाजानं दोन वर्षं जास्तीची लावून. ती दोन वर्षं सरकारनं शेवटी बरोबर वसूल केली. जन्म एक तारखेचा असला की आदल्या महिन्याच्या अखेरीला घरी बसायचं, हा नियम तुला माहीतच आहे. तुमच्या उदगीर तालुक्यात त्या दिवशी किती निरोप समारंभ असतील ते मोज. हार आत्ताच सांगून ठेव, ऐन वेळी मिळायचा नाही.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात मी साडेनऊला आंघोळ करून, भांग पाडून, शर्ट पँटमध्ये खोचून ओसरीवर बसायला लागलो. कुठं जायचं नव्हतं, नुसतं तयार व्हायचं. एक दिवस ही म्हणाली, "तुम्ही समोर बसलात की मला कामच सुचत नाही." राग आला, पण तिचंही खरं होतं. तेहेतीस वर्षं साडेनऊ ते सहा हे घर तिचं होतं. त्यात मी घुसलो होतो, अतिक्रमण म्हणतात तसा. अतिक्रमणाच्या नोटिसा आयुष्यभर मीच बजावल्या, त्यामुळे भाषा ओळखीची होती.

मग काम शोधलं. शोधलं कसलं, आलं चालून. मोंढ्यातल्या एका आडत्यानं बोलावलं. "आप्पा, तुमच्यासारखा लिहिणारा माणूस पाहिजे. बारा हजार देतो, बसा गादीवर." मला वाटलं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशोब, लिहायच्या, हमाली-तोलाईचा हिशोब लावायचा, वेळ जाईल. दहा दिवस गेले, पट्टी कुणी हातात दिली नाही. कामं यायची ती अशी: अमक्याचा फेरफार अडकलाय, जरा मंडळ अधिकाऱ्याला फोन लावा. तमक्याची मोजणी पुढं घ्यायला सांगा. गिऱ्हाईक आलं की मालक ओळख करून द्यायचा, "हे आपले तलाठीसाहेब." तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्यानं माझं अक्षर घेतलं नव्हतं, माझी जुनी खुर्ची भाड्यानं घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याचं निमित्त सांगून सुटलो. खरं कारण तोंडावर सांगायचा धीर मला झाला नाही, हे तुला म्हणून सांगतो.

(तू ऐकलंस ना, तलाठी हे नावही गेलं. गेल्या वर्षी ते ग्राम महसूल अधिकारी झाले. आपल्याकडची म्हातारी माणसं मात्र तलाठीच म्हणणार.)

नंतर शेतीचं खूळ. प्रत्येक नोकरदाराला येतं, तुलाही येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. माझ्या वाट्याचे चार एकर थोरल्या भावाकडेच असतात. मी टोपी घालून, नवी बाटली घेऊन बांधावर जाऊन उभा राहिलो आणि सोयाबीनच्या ओळी किती इंचांवर असाव्यात हे त्याला सांगायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला रिकामं कसं बसावं याचा घोर लागलाय, मला बसायला कधी मिळंल याचा." वय सदुसष्ट, आणि अजून कुळवाची पाळी घालतोय. मी गप्प घरी आलो. रिटायर होणं ही चैन आपल्यासारख्यांची. गावात ती कुणाला माहीत नाही. आणि भावाचं तरी काय, २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ आणि मोंढ्यात चार हजाराच्या आसपास. ओलाव्याचं यंत्र लावून त्यातूनही कापतात. तिथं मी जाऊन अक्कल पाजळायची म्हणजे कमाल.

मधे पुण्याला पोराकडे तीन महिने राहून आलो. त्यावर फार लिहीत नाही. अकराव्या मजल्यावर उन्हाळा नसतो आणि शेजारीही नसतात. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं काम मिळालं होतं, ते चांगलं होतं, पण सात मिनिटांत संपायचं.

आता मूळ गोष्ट. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं. न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू होतं आणि आपल्याकडे तर निजामाच्या वेळचं दप्तर. कुठं उर्दू, कुठं मोडी. माझ्या जागेवर आलेल्या पोरानं फोन केला, "आप्पा, जुन्या दप्तराची तुम्हाला माहिती, जरा या." गेलो. कागद बांधलेले रुमाल सोडले, धूळ झटकली, १९५४-५५ ची खासरा पाहणी पत्रकं काढून दिली. ती मला पाठ होती. त्याच्या आधीचे कागद आले तेव्हा पोरगं माझ्या तोंडाकडे बघतंय आणि मी कागदाकडे. एक अक्षर लागेना. मास्तर, तेहेतीस वर्षं मी या कपाटांच्या किल्ल्या सांभाळल्या. वाळवी लागू दिली नाही, उंदीर लागू दिला नाही. आणि आत काय लिहिलंय हे मला वाचता येत नव्हतं. नोकरीत असताना याची कधी लाज वाटली नाही, त्या दिवशी वाटली.

त्या खोलीत लातूरकडून आणलेले एक गृहस्थ होते, पंचाऐंशीच्या पुढचे. भिंग घेऊन, तंबाखू मळत, वर्तमानपत्र वाचावं तसं मोडी वाचत होते. लोक त्यांच्यासाठी थांबलेले. चहा आला की पहिला कप त्यांना. मी तिथं शेवटून तिसरा. घरी येताना मुकुंदराजाच्या रस्त्यावर उगीच अर्धा तास उभा राहिलो.

शिकायला लागलो. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तसल्या एका वर्गाला जाऊन बसलो. आजूबाजूला एम.ए.ची पोरंपोरी, मला 'काका' म्हणणारी, आणि माझ्यापेक्षा चौपट वेगानं बाराखडी गिरवणारी. साठीला टेकल्यावर माझ्या वहीत लाल शाईनं 'पुन्हा लिहा' आलं. तू आयुष्यभर पोरांच्या वह्यांत ते लिहिलंस. एकदा कुणी तुझ्या वहीत लिहू दे, मग कळेल.

मोडी म्हणजे काय, तर आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. हात उचलायचा नाही. शब्द तोडलेला नाही, पूर्णविराम नाही, ह्रस्व-दीर्घाचं भान नाही. वाक्य कुठं संपलं ते अर्थावरून ठरवायचं. म्हणजे अर्थ लागल्याशिवाय वाचता येत नाही आणि वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. पहिले चार महिने हेच चाललं. 'मशारनिल्हे' या शब्दानं मला आठवडाभर छळलं. कुणी सरदार असेल वाटलं. निघालं काय, तर 'वर सांगितलेला इसम'. आपल्या पंचनाम्यात 'सदर इसम' लिहायचो तसंच! निजामाच्या राज्यातली सालं फसली सनातली, त्यात ५९०-५९१ मिळवले की इसवी सन निघतं. १३४७ फसली म्हणजे १९३७-३८. त्याहून जुना कागद असला तर साल अरबी शब्दांत येतं, 'सबा सलासीन मया अलफ', सात, तीस, शंभर, हजार, असं उलटं. त्यात ५९९-६०० मिळवायचे. हे कोडं सुटतं तेव्हा जो आनंद होतो तो पगारवाढीचा फरक मिळाल्यावरही झाला नव्हता.

आता रविवारी सकाळी वाचनालयाच्या ओट्यावर दोघं बसतो. दुसरे आहेत एक निवृत्त उर्दू शिक्षक, फार शांत माणूस. बऱ्याच कागदांवर वरती उर्दू आणि खाली मोडी असतं. वरचं ते वाचतात, खालचं मी. लोक पिशवीत, पत्र्याच्या डब्यात, एकदा तर उशीच्या अभ्र्यात घालून कागद आणतात. कुणाला आज्याच्या वाटणीचं बघायचं असतं, कुणाला कुळाचं, कुणाला इनामाचं. मी दाखला देत नाही, फक्त काय लिहिलंय ते सांगतो. सरकारी नक्कल रेकॉर्ड रूममधूनच काढायला लावतो. पानाला पन्नास रुपये ठेवलेत. आधी फुकट करत होतो, तर लोक रात्री साडेनऊला यायचे आणि कागद टाकून जायचे. पन्नास रुपये लावल्यापासून वेळेवर येतात आणि ऐकूनही घेतात. महिन्याला दोन-अडीच हजार पडतात. ही म्हणते, तेवढ्याचा तर तुमचा चष्माच होतो.

सगळंच गोड नाही. एक पोरगा आला, पान पुढं करून म्हणाला, "इथं 'कु' आहे ना, आप्पा?" 'कु' म्हणजे कुणबी. तो नव्हता. शाईचा डाग होता. तो म्हणाला, "बघा की नीट, असंल." तीनदा बघितलं, त्याच्यासाठी भिंग लावूनही बघितलं. डागच. त्यानं माझी जात काढली, वर माझी नोकरीतली कमाईही काढली, चार माणसांत. त्या रात्री वाटलं, कशाला हे झेंगट. उर्दूवाले सर एवढंच म्हणाले, "जो नहीं लिखा, वो हम कैसे पढ़ें." दोन महिन्यांनी तोच पोरगा चुलत्याकडचे दुसरे कागद घेऊन आला. बोलला काही नाही. पन्नासची नोट आधीच काढून ठेवली.

आता तुझं. लातूरच्या क्लासवाल्यानं तुला गणितासाठी बोलावलंय म्हणतोस, पैसे चांगले देतोय म्हणतोस. जायचं तर जा. पण एकदा विचार, त्याला तुझं गणित पाहिजे की तुझ्या तालुक्यातली तीस वर्षांची ओळख? पालकांना फोन करायचं काम पहिल्याच महिन्यात गळ्यात पडलं तर समज, आडतीची गादी ती.

पैशाचं थोडक्यात. पेन्शन विकशील, म्हणजे तिचा काही भाग आधीच एकरकमी घेशील, तेव्हा चाळीस टक्के विकायचा मोह होतोच, रक्कम मोठी दिसते. पण पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू व्हायला पंधरा वर्षं लागतात, तेवढं धरून कर. पैसे आले की तीन महिन्यांच्या आत पोस्टात जा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला एरवी साठी लागते, पण निवृत्तीचे पैसे ठेवणाऱ्याला पंचावन्नपासून चालते. एप्रिल-जून २०२५ साठी व्याज ८.२ टक्के आहे, तीस लाखांपर्यंत. जास्त व्याजाच्या पतसंस्थेकडे बघू नकोस. माझे दोन लाख एकीत अडकलेत आणि तिच्या शटरला कुलूप आहे. हे हिला अजून सांगितलेलं नाही. आणि किती पैसे आले ते कुणालाच सांगू नकोस. सोयरे कसे उगवतात ते बघशील.

एक काम आहे तुझ्याकडे. जमाखर्चाचे कागद येतात तिथं माझी गाडी अडते. पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या रेघांनी लिहिलेले असतात, रुपये-आणे-पै आणि धान्याची मापं एकात एक. अक्षर लागतं, हिशोब लागत नाही. बेरीज कुलकर्ण्यानं चुकवली की मी, तेच कळत नाही. तुला तुझ्या आज्यानं पावकी-निमकी-औटकी, म्हणजे पाव, अर्धा, साडेतीनच्या पाढ्यांची उजळणी, पाठ करायला लावली होती आणि तू चिंचेखाली ती ओरडून म्हणायचास, मला चिडवायला. ती आता या गावात कुणालाही येत नाही. मी विचारून बघितलं. दहाबारा कागद बाजूला ठेवलेत, एका डब्यात, वर 'मास्तर' असं लिहून. त्यातला एक माणूस तर दोनदा विचारून गेलाय. त्याच्या पणजोबानं कर्ज फेडलं होतं की नाही, एवढंच त्याला पाहिजे.

समारंभ आटपला की ये. वहिनींनाही घेऊन ये, योगेश्वरीचं दर्शन होईल. हिला फोन संपवताना ऐकतोय, थांबतो.

तुझा,
आप्पा

ता. क. तुमच्या माळवदावरच्या संदुकीत लाल रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. आपण लहानपणी सोडायला गेलो आणि तुझ्या आजीनं आपल्याला लाटण्यानं मारलं होतं. ते अजून असेल तर येताना सोडू नकोस, तसंच आण. आणि वाटेत एस.टी.त मांडीवर ठेव, वर टाकू नकोस.