सही करायच्या आधी मेंदूचं विचारा

संपादक महोदय,

हार्टच्या ब्लॉकेजबद्दल पेपरात नेहमी येतं, पण मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड नसेबद्दल फार कमी वाचायला मिळतं म्हणून लिहितेय. माझ्या बाबांच्या डाव्या डोळ्यापुढे एकदा पाच मिनिटं पडदा आल्यासारखं झालं, आम्ही म्हटलं मोतीबिंदू असेल. चार दिवसांनी उजव्या हातातनं चहाचा कप सुटला, दहा मिनिटांत हात परत ठीक, तेव्हा कुठे आमची धावपळ सुरू झाली. डॉपलर, सीटी अँजिओ अशा नसांच्या तपासण्या झाल्या, डावी कॅरोटिड ८० टक्के बंद. डोळ्यापुढचा पडदा हाही त्याच नसेचा इशारा होता.

पहिल्या हॉस्पिटलात रात्री नसेच्या ऑपरेशनचा इंग्रजी फॉर्म पुढे केला, इथे सही करा, सकाळी पहिलाच नंबर आहे. मी विचारलं की नस उघडून आत साचलेला थर काढणार तोवर मेंदूला रक्त कुठून जाणार, तर उत्तर "ते आम्ही बघतो ना". अहो बघाल हो, पण सही मी करतेय आणि डोकं माझ्या बाबांचं आहे! सकाळीच त्यांना तिथून हलवलं.

दुसरीकडे भूलतज्ज्ञ मॅडम आमच्यासोबत बसल्या, फॉर्मच्याच पाठीवर चित्र काढलं. नसेला क्लॅम्प म्हणजे चिमटा लावला की त्या बाजूचं रक्त थांबतं, मग मेंदूच्या तळाशी नसांचं एक कडं असतं, सर्कल ऑफ विलिस, त्यातनं दुसऱ्या बाजूचं रक्त इकडे वळतं, पण हे कडं सगळ्यांचं पूर्ण नसतं. कमी पडलं तर शंट म्हणजे बारीक नळी टाकून रक्त चालू ठेवायचं. क्लॅम्पच्या आधी गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन, आणि क्लॅम्प असेपर्यंत बीपी पडू द्यायचं नाही, उलट थोडं वरच ठेवायचं. पूर्ण भूल दिली तर ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख किंवा कपाळावरच्या ऑक्सिजन सेन्सरवर लक्ष, नुसती मान बधिर केली तर पेशंट बोलतोय का हेच बघायचं. या दोन भुलींची तुलना करणाऱ्या २००८ च्या गाला ट्रायलमध्ये साडेतीन हजार पेशंट होते आणि दोन्ही पद्धतींत ठळक फरक निघाला नाही, त्यामुळे अमुकच भूल द्या असा हट्ट नको, मेंदूवर लक्ष कसं ठेवणार ते विचारा, असं त्याच म्हणाल्या.

बाबांची मान बधिर केली. उजव्या हातात दाबलं की वाजणारं रबरी बदक, आणि तोंडाने सेंट्रलची स्टेशनं म्हणायची. दादर, माटुंगा, सायन, कुर्ला... आणि पुढे बाबा थांबले, बदकही गप्प. लगेच शंट टाकला आणि थोड्या वेळाने बाबा विद्याविहार म्हणाले. मॅडमनी बाहेर येऊन हे सांगितलं तेव्हा मी भिंतीला टेकून रडले.

घरी सोडताना पण नीट बजावलं, मोकळ्या झालेल्या नसेतनं मेंदूत एकदम जास्त रक्त जाऊ शकतं म्हणून बीपी रोज मोजा, डोकं ठणकलं तर गोळी घेऊन झोपायचं नाही, सरळ इकडे यायचं.

एवढं सगळं एका पानात मराठीत लिहून फॉर्मला जोडणं मुंबईतल्या हॉस्पिटलांना अवघड नाही. तुम्ही आरोग्य पुरवणीत एखाद्या भूलतज्ज्ञांकडून यावर लिहून घ्या, आणि डोळ्यापुढे पडदा येतो त्याबद्दल सगळ्यात वर छापा, आमचे चार दिवस त्यातच गेले.

एक वाचक, भांडुप