बाई, तुम्ही ताईचं नाव काढलं नाहीत

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

आठवीत तुम्ही आम्हाला गणिताला आलात. पहिल्या हजेरीला माझ्या आडनावापाशी तुम्ही थबकणार, याची मी वाटच बघत होतो. सगळेच थबकायचे. ‘म्हणजे तू तिचा भाऊ? मग ताईसारखं नाव काढ हो!’ तुम्ही ‘हजर’ ऐकलंत आणि पुढचा नंबर पुकारलात.

माझ्याकडे पुस्तकं ताईचीच असायची. समासात पेन्सिलीनं तिची उत्तरं, बारीक, नेटकी, कुठे खाडाखोड नाही. उदाहरण वाचून व्हायच्या आत माझा डोळा तिकडे जायचा. मग उत्तर गाठायला मधल्या पायऱ्या मी कशातरी जुळवायचो. एकदा तुम्ही ते पुस्तक चाळलंत, टेबलाच्या खणात टाकलंत आणि तुमचं कोरं पुस्तक मला दिलंत. ‘त्यात चुकायला जागाच नाहीये,’ एवढंच म्हणालात.

नव्या पुस्तकात मी मनसोक्त चुकलो. कंसाबाहेरचं वजा आत नेताना दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलायला हमखास विसरायचो. तुम्ही फळ्यावरचं पुसू द्यायचा नाहीत. बरोबर असलेल्या प्रत्येक ओळीपुढे खडूनं बारकी टिकली द्यायचात. पाचपैकी तीन ओळींना टिकली! मला वाटायचं, माझं सगळंच चुकतं.

पुढे आल्फ्रेड ॲडलरबद्दल वाचलं. जन्म १८७० चा. लहानपणी मुडदुसानं बेजार, आणि थोरला भाऊ धडधाकट. त्याच ॲडलरनं मोठेपणी मानसशास्त्रात मांडलं की दुसरं मूल कायम शर्यतीत असल्यासारखं वागतं, कुणीतरी दोन पावलं पुढे आहेच असं धरून. मी तर ‘गणित मला आवडतच नाही’ म्हणत कडेला बसलो होतो. शर्यत मात्र डोक्यात चालूच.

गेल्या महिन्यात ताईच्या जुन्या खोक्यात तुमचं पत्र सापडलं. मी चकितच झालो. ‘अरे, बाई मलाही होत्या की! मी त्यांची लाडकी होते,’ ताई म्हणाली. तीन वर्षं तुम्ही मला शिकवलंत आणि हे एकदाही तोंडातून जाऊ दिलं नाहीत. पत्रावरची तारीख मी तुमच्या वर्गात होतो त्याच वर्षाची. चार पानं. त्यात माझ्याबद्दल काही आहे का, म्हणून मी दोनदा वाचलं.

नव्हतं.

बाई, तुमचं पुस्तक परत करायचं राहिलंय. आता ते कोरं नाही.

तुमचा,
हजेरी क्रमांक २३