काँगोहून आलेले जुने फोटो घरात असतील तर कृपया कळवा

सस्नेह नमस्कार,

काँगोची राजधानी किन्शासा इथलं ताता राफाएल स्टेडियम आपल्याकडे ओळखतात ते ३० ऑक्टोबर १९७४ च्या अली-फोरमन मुष्टियुद्धामुळे. पण हे मैदान मुळात फुटबॉलचं. काँगोवर बेल्जियमचं राज्य होतं आणि शहराचं नाव लिओपोल्डविल होतं तेव्हा, १९५२ साली, ते सुरू झालं. त्यामागे होते राफाएल द ला केथुल हे फुटबॉलवेडे बेल्जियन धर्मगुरू. आजचं नाव त्यांचंच, पण सुरुवातीला नाव दिलं गेलं ते बेल्जियमचा राजा बोदुआँचं.

आम्हा किन्शासातल्या मराठी मंडळींना जपायचा आहे तो त्यानंतरचा काळ. जून १९५७ मध्ये बेल्जियमचा युनियन सेंट-जिलवा संघ इथे खेळायला आला. बेल्जियन पंचांनी काँगोच्या खेळाडूंचे गोल नाकारले, लोक चिडले आणि सामना संपल्यावर गोऱ्यांच्या मोटारींवर दगड पडले. पुढे ४ जानेवारी १९५९ च्या रविवारी स्वातंत्र्य मागणाऱ्या आबाको पक्षाच्या सभेला सरकारने परवानगी नाकारली. सभेसाठी जमलेले लोक रस्त्यावर खोळंबले होते. तेवढ्यात याच मैदानावरचा व्हिटा क्लब या फुटबॉल संघाचा सामना सुटला आणि सुमारे वीस हजार प्रेक्षक त्यांना येऊन मिळाले. त्यानंतरच्या गोळीबारात किती गेले याचा सरकारी आकडा पन्नासच्या आसपास. तो फार कमी आहे असंच इथे मानतात. १३ जानेवारीला राजा बोदुआँने स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं. ते ३० जून १९६० ला मिळालं. ४ जानेवारी हा इथे आजही हुतात्म्यांचा दिवस असतो.

येत्या ४ जानेवारीला या मैदानाविषयी छोटं प्रदर्शन भरवायचं ठरलं आहे. अलीचे फोटो ढिगाने मिळतात, त्या आधीच्या मैदानाचे फारच थोडे. म्हणून तुम्हाला विनंती. १९६० नंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताचे हजारो जवान काँगोत होते, लष्करी डॉक्टरही होते. तुमचे आजोबा, काका त्यात असतील तर ट्रंक उघडून बघा. गॅलरी, संघ, मैदानाबाहेरचा रस्ता, काहीही चालेल. पत्रांतला एखादा उल्लेखसुद्धा मोलाचा आहे.

मूळ फोटो पाठवू नका, मोबाइलवर सरळ उजेडात काढलेली प्रत पुरे. फोटोच्या मागची बाजूही टिपा. साल, गाव, नावं बहुधा तिथेच लिहिलेली असतात. तुमच्या परवानगीशिवाय काहीही मांडणार नाही.

छपाई, फ्रेम आणि फ्रेंच आणि इथल्या लिंगाला भाषेतल्या भाषांतराचा खर्च वर्गणीतून भागत नाही. जमेल तेवढी रक्कम मंडळाच्या कोषाध्यक्षांकडे द्यावी, पावती मिळेल. फोटो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आले तर छपाईला वेळ मिळेल.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, किन्शासा