व्यायामशाळेतील संगीत: कोणासाठी, केव्हा आणि किती मोठ्याने

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वडोदऱ्यातील बहुतेक व्यायामशाळांमध्ये सकाळ-संध्याकाळ स्पीकरवर मोठ्याने गाणी लावण्याचा प्रघात आता पक्का झाला आहे, आणि त्यावरून जुन्या-नव्या सभासदांत कुरबुरीही चालू असतात. भारोत्तोलन शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेल्यामुळे दोन्ही बाजू माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. गाणे चालू असले की दहा किलो वजन सहज जास्त निघते, असे तरुण सांगतात. तालमीत वस्तादांखेरीज दुसरा आवाज नको, असे ज्येष्ठांचे मत आहे. या विषयावर झालेले संशोधन पाहिले तर तरुणांचा दावा टिकत नाही आणि ज्येष्ठांचा अर्धाच टिकतो.

संगीत आणि व्यायाम यांविषयीच्या १३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील प्रा. कॉस्टास करागिऑर्गिस हे त्याच्या लेखकांपैकी एक. संगीतामुळे व्यायाम करताना मन प्रसन्न राहते, श्रम किंचित कमी जाणवतात आणि कामगिरीही थोडी सुधारते, असे त्यात आढळले. हृदयाच्या ठोक्यांवर मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही. यातील ‘थोडी’ हा शब्द आपल्याकडे कोणी ऐकतच नाही. शिवाय या आढाव्यात धावणे, सायकल चालवणे अशा दमाच्या व्यायामांचाही समावेश आहे, त्यामुळे वजन उचलणाऱ्यांसाठी झालेले प्रयोग वेगळे पाहावे लागतात.

इटालियन संशोधकांनी २०१५ साली ३१ सरावलेल्या पुरुषांवर बेंच प्रेसचा, म्हणजे बाकावर उताणे झोपून वजनाचा दांडा (बार) छातीवरून वर ढकलण्याचा, प्रयोग केला. प्रत्येकाने स्वतः निवडलेली गाणी ऐकत आपल्या कमाल वजनाच्या ६० टक्के वजन दमेपर्यंत उचलले, तेव्हा आवर्तने, म्हणजे वजन किती वेळा उचलले ती संख्या, सुमारे सहा टक्क्यांनी वाढली. पण एकदाच उचलायच्या कमाल वजनात काहीही फरक पडला नाही. त्याआधी २०१२ साली अमेरिकेत २० तरुणांवर झालेल्या प्रयोगात हलके वजन खांद्यावर घेऊन मारलेल्या उड्यांमध्ये जोर अधिक वेगाने लागला, परंतु कमाल वजनाच्या ७५ टक्के वजनाने केलेल्या बेंच प्रेसची आवर्तने वाढली नाहीत. म्हणजे आवर्तनांच्या बाबतीत या दोन प्रयोगांचेही एकमत नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की औषधाच्या चाचणीत रुग्णाला खोटी गोळी देता येते, तसे खोटे संगीत कोणाला ऐकवता येत नाही. गाणे चालू आहे हे खेळाडूला कळतेच, आणि त्याने आपले बळ वाढणार अशी त्याची समजूत असेल तर त्या समजुतीचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. तेव्हा दहा किलोंची भाषा कोणी करू नये.

कारणे पाहिली तर हे निष्कर्ष पटण्यासारखे आहेत. मध्यम वजनाच्या लांब सेटमध्ये, म्हणजे न थांबता सलग केलेल्या आवर्तनांत, आठव्या-नवव्या आवर्तनाला स्नायूंची जळजळ सुरू होते, त्या वेळी मन दुसरीकडे गुंतले तर एखाददुसरे आवर्तन जास्त निघते. कमाल वजनाखाली मात्र शरीराकडून येणारी जाणीवच इतकी तीव्र असते की कान काय ऐकतात याला महत्त्व उरत नाही. ठेक्याबरोबर हालचाल जुळली की श्रम हलके वाटतात, हे नवरात्रात तासन्‌तास गरबा खेळणाऱ्या वडोदरेकरांना कोणी सांगायला नको, लेझीमचेही तेच. पण भारोत्तोलनातील स्नॅच (बार एकाच झेपेत डोक्यावर नेणे) किंवा क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर नेणे) ही काही क्षणांची, एकदाच करायची हालचाल आहे आणि तिला स्वतःचा ठेका असतो. नवशिक्याला तो सापडेपर्यंत बारचा आवाज, पायांचा आवाज आणि शिक्षकाची हाक या तिन्ही गोष्टी ऐकू यायला हव्यात. एवढ्यापुरते ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे मला मान्य आहे.

स्पर्धेचा विचार तर आपल्याकडे होतच नाही. भारोत्तोलनात नाव पुकारल्यावर खेळाडूला एक मिनिट मिळते, आणि लागोपाठ त्याचीच पाळी आली तर दोन. पॉवरलिफ्टिंग या वजन उचलण्याच्या दुसऱ्या खेळातील बेंच प्रेसमध्ये पंचांचे ‘स्टार्ट’ (सुरू कर), ‘प्रेस’ (वर ढकल) आणि ‘रॅक’ (बार स्टँडवर ठेव) असे तीन हुकूम असतात. छातीवर बार स्थिर झाल्यावर ‘प्रेस’ ऐकण्यापूर्वीच जो बार वर ढकलतो त्याला लाल दिवे मिळतात, म्हणजे त्याचा प्रयत्न बाद ठरतो, मग वजन कितीही सहज निघालेले असो. वर्षभर कर्कश गाण्यांत सराव केलेली मुले इथे गोंधळताना मी पाहिली आहेत. त्यांच्यात ताकद कमी नसते. शांततेत एकट्याने स्वतःला तयार करण्याची सवयच त्यांना नसते. स्पर्धेपूर्वीच्या काही आठवड्यांत जड सेट संगीताशिवाय आणि हुकमाबरहुकूमच व्हायला हवेत, असे माझे ठाम मत आहे.

राहिला आवाजाच्या पातळीचा प्रश्न. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कानांसाठी मर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. व्यायाम करणारा तासाभराने घरी जातो, पण शिक्षक आणि साफसफाई करणारे कर्मचारी दिवसभर तिथेच असतात, याचा विचार कोणी करताना दिसत नाही. आणि गंमत अशी की वर सांगितलेल्या दोन्ही प्रयोगांत गाणी ज्याची त्याने निवडली होती. चाळीस जणांवर एकाच्या आवडीचे गाणे लादून त्या प्रयोगांचा आधार सांगता येत नाही.

ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली आणि ज्या गावाचे नाव प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे दूरवर गेले, तिथे संगीत आणि व्यायाम यांचे वैर मानण्याचे कारण नाही. व्यायामशाळांच्या चालकांना माझी विनंती एवढीच आहे की ज्यांना गाणी हवी असतील त्यांना आपापले इअरफोन बेताच्या आवाजात वापरू द्यावेत, मात्र जड वजनाखाली जाताना ते काढायला लावावेत, कारण मदतीला उभ्या असलेल्या साथीदाराची हाक ऐकू येणे जिवाच्या दृष्टीने आवश्यक आहे. स्पीकर लावायचाच असेल तर त्याचा आवाज एवढाच ठेवावा की शिक्षकाला दोन रॅक पलीकडच्या मुलाशी ओरडल्याशिवाय बोलता यावे.

आपला,
एक भारोत्तोलन प्रशिक्षक, वडोदरा