पदवी ऑनलाइन असू द्या, सराव मात्र नागपुरात हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य आणि आपत्कालीन व्यवस्थापनाची ऑनलाइन पदवी करावी का, असं बारावी झालेली मुलंही विचारतात आणि दवाखान्यात नोकरी करणारेही. मी नागपुरातल्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीची सिस्टर आहे. माझं उत्तर आहे, जरूर करा. आमच्या वॉर्डातला एक ब्रदर रात्रपाळी संपवून, थोडी झोप काढून मोबाइलवर लेक्चर ऐकायला बसतो. नोकरी सोडून कॉलेजात जाणं त्याला परवडणारं नाही. त्याच्यासाठी हीच वाट आहे.

मात्र ही व्यवस्थापनाची पदवी आहे, ती घेऊन कुणी पॅरामेडिक होत नाही. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या 2021 च्या कायद्याखाली येणारे संलग्न आरोग्यसेवेचे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायला यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे. त्यामुळे फी भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर विद्यापीठ आणि अभ्यासक्रम, दोन्हींची मान्यता बघून घ्यावी.

मला खरी काळजी आहे ती सरावाची. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. आम्हा सिस्टर लोकांच्या मनातून ती रात्र जात नाही. 23 सप्टेंबर 2023 ला तर आपल्याच शहरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं. असं काही दवाखान्यात झालं तर व्हेंटिलेटरवरचा पेशंट जिन्यानं उतरवताना अंबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) कोण दाबणार? ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचा? आमच्याकडे मॉक ड्रिल झाली तेव्हा जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. शेवटी चौघांनी चादरीची झोळी करून पेशंट बनलेल्या मुलाला खाली आणलं. नकाशात तो जिना चांगला ऐसपैस दिसतो.

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय (आता एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन), या दोन्ही संस्था 1957 पासून नागपुरात आहेत. देशभरातून लोक इथे प्रशिक्षणाला येतात. मग ही पदवी देणाऱ्या विद्यापीठांनी विदर्भातल्या विद्यार्थ्यांचा दर सत्रातला निदान एक आठवडा या संस्थांमध्ये का ठेवू नये? धुरानं भरलेल्या खोलीतून माणूस बाहेर काढणं, एकदम पन्नास जखमी आले तर लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या बांधून आधी कुणाला घ्यायचं ते ठरवणं, हे हातानं केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

मेडिकल आणि मेयो या आपल्या शहरातल्या सरकारी रुग्णालयांनी उन्हाळ्यात उष्माघात कक्षाच्या कामात या मुलांना घ्यावं. खाटा, बर्फ, ओआरएस, पाळ्या यांची जुळवाजुळव त्यांना तिथे शिकता येईल. आणि जे आधीच नोकरीत आहेत, त्यांना रुग्णालयांनी या सरावाच्या आठवड्याची भरपगारी रजा द्यावी. शिकून ते आपल्याच वॉर्डात परत येणार आहेत.

कॅज्युअल्टीतली एक सिस्टर,
त्रिमूर्तीनगर, नागपूर